संचयी पुरावा आणि संचयी त्रुटी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘संचयी पुरावा’ म्हणजे नेमके काय?

हा शब्द न्यायालयात दोन जवळजवळ विरुद्ध अर्थांनी वापरला जातो आणि बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो. पहिल्या अर्थाने, जी वस्तुस्थिती आधीच्या साक्षीतून पुढे आली आहे तीच त्याच प्रकारच्या आणखी साक्षीने सिद्ध करू पाहणे म्हणजे संचयी पुरावा. वकील या अर्थाने हा शब्द उच्चारतो तेव्हा त्यात ‘आता पुरे’ असा सूर असतो. दुसऱ्या अर्थाने, एकेकटे पाहिले तर अपुरे वाटणारे वेगवेगळे पुरावे एकत्र वाचल्यावर जे बळ निर्माण होते त्याला संचयी म्हटले जाते. आरोपीला घटनास्थळाजवळून पळताना पाहिले असे तीन मित्र सांगत असतील आणि त्यांच्याबरोबर उभा असलेला चौथा मित्रही तेच सांगू लागला, तर ती बहुधा पुनरावृत्ती होय. पण त्याच वेळचे कॅमेऱ्याचे चित्रण पुढे आले, तर ती पुष्टी होय. दोन्हींना एकच विशेषण लावले जाते, त्यामुळे युक्तिवादात हा शब्द आला की तो कोणत्या अर्थाने आला आहे हे आधी विचारून घ्यावे.

दहा साक्षीदार एकच गोष्ट सांगत असतील, तर ती दहापट खरी ठरते का?

नाही. भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ च्या कलम १३४ ने स्पष्टच म्हटले होते की कोणतीही वस्तुस्थिती सिद्ध करण्यासाठी साक्षीदारांची अमुक एक संख्या आवश्यक नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३९ मध्ये तोच नियम कायम आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली वडिवेलू थेवर प्रकरणात साक्षीदारांचे तीन वर्ग सांगितले : पूर्णपणे विश्वासार्ह, पूर्णपणे अविश्वासार्ह, आणि या दोहोंच्या मधले. पहिल्या वर्गातला एकच साक्षीदार पुरेसा ठरू शकतो आणि दुसऱ्या वर्गातले कितीही साक्षीदार आणले तरी उपयोग होत नाही. पुष्टी शोधावी लागते ती तिसऱ्या वर्गासाठी, आणि व्यवहारात बहुसंख्य साक्षीदार याच वर्गातले असतात. साक्षी मोजायच्या नसतात, जोखायच्या असतात, हे वाक्य न्यायालयात इतक्या वेळा ऐकू येते की त्यामागचे काम विसरले जाते. जोखायचे म्हणजे प्रत्येक साक्षीचे मूळ कुठे आहे ते शोधायचे.

हे मूळ स्वतंत्र आहे की नाही, हे कसे ओळखावे?

सर्वांत उपयोगी कसोटी एका प्रश्नाची आहे : पहिला पुरावा चुकीचा असता, तरीही दुसरा पुरावा असाच पुढे आला असता का? उत्तर ‘हो’ असेल, तर दुसऱ्याने पहिल्याला काहीच बळ दिलेले नाही. पाच जणांनी आरोपीला ओळखले, पण ओळखपरेडच्या आधी पाचही जणांनी त्याचे एकच छायाचित्र पाहिले होते, तर ती पाच ओळखी नसून एका छायाचित्राचे पाच प्रतिध्वनी आहेत. दोन तज्ज्ञांचे अहवाल जुळतात, पण दोघांनीही एकाच दूषित नमुन्यावर काम केले, तर दुसरा अहवाल पहिल्याची चूक फक्त पुन्हा छापतो. एकाच साक्षीदाराने पोलिसांना, शेजाऱ्याला आणि न्यायालयात तीच हकीकत सांगितली, तर त्यातून त्याचे सातत्य दिसते. भारतीय कायदा पूर्वीचे कथन पुष्टीसाठी वापरू देतो, पण तोंड एकच असल्यामुळे अशा पुष्टीचे वजन बेताचे असते. सहआरोपीच्या साक्षीला लागणारी पुष्टी तिच्याबाहेरच्या स्वतंत्र स्रोतातून आली पाहिजे, असे इंग्लंडमध्ये बास्करव्हिल प्रकरणात १९१६ सालीच सांगितले गेले.

स्वतंत्रता गृहीत धरून बेरीज, किंबहुना गुणाकार, केल्यास काय होते याची दोन उदाहरणे प्रसिद्ध आहेत. कॅलिफोर्नियातील कॉलिन्स खटल्यात सरकारी पक्षाने पिवळी मोटार, मिशी, दाढी, सोनेरी केस, मागे बांधलेली केसांची शेपटी आणि मोटारीतले भिन्नवंशीय जोडपे अशा सहा लक्षणांना अंदाजाने संभाव्यता लावल्या, त्यांचा गुणाकार केला आणि असे दुसरे जोडपे सापडण्याची शक्यता १ कोटी २० लाखांत एक असल्याचे ज्यूरीला सांगितले. १९६८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धी रद्द केली. मूळ आकड्यांना आधार नव्हता, आणि दाढी व मिशी ही एकमेकांपासून स्वतंत्र लक्षणे नव्हेत, कारण दाढी ठेवणाऱ्या बहुतेकांना मिशीही असते. इंग्लंडमध्ये सॅली क्लार्क यांना दोन तान्ह्या मुलांच्या मृत्यूबद्दल १९९९ मध्ये दोषी ठरवले गेले. त्या खटल्यात अशा कुटुंबात एका बाळाचा अकस्मात मृत्यू होण्याची शक्यता ८,५४३ मध्ये एक धरून तिचा वर्ग केला गेला आणि सुमारे ७ कोटी ३० लाखांत एक हा आकडा ज्यूरीपुढे आला. एकाच घरात जन्मलेल्या दोन भावांमध्ये आनुवंशिक व परिसराची कारणे समान असू शकतात, हे या वर्गाच्या क्रियेत हरवून गेले. शिवाय असा मृत्यू दुर्मीळ असणे आणि आई निर्दोष असणे दुर्मीळ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आकडा एवढा मोठा असला की ऐकणाऱ्याच्या मनात त्या सहज एक होतात. २००० मधले पहिले अपील फेटाळले गेले. २००३ मध्ये दोषसिद्धी रद्द झाली ती मुख्यतः बचाव पक्षाला न दाखवलेल्या सूक्ष्मजीव तपासणीच्या निष्कर्षांमुळे, पण न्यायालयाने त्या आकड्यावरही टीका केली.

परिस्थितिजन्य पुरावा ही साखळी आहे की दोर?

दोन्ही उपमा कायद्यात रुळलेल्या आहेत आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. इंग्लंडमध्ये १८६६ च्या एक्झॉल खटल्यात न्यायमूर्ती पोलॉक यांनी सांगितले की अशा पुराव्याला साखळी म्हणणे योग्य नाही, कारण साखळीतली एक कडी तुटली की सारे कोसळते. तो अनेक पेडांच्या दोरासारखा असतो, ज्यात एकेक पेड भार पेलू शकत नाही पण सगळे मिळून पेलतात. भारतात मात्र साखळीचीच भाषा रूढ आहे. हनुमंत प्रकरणातील १९५२ च्या निकालावर उभारलेली आणि १९८४ मध्ये शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात ‘पंचशील’ म्हणून मांडलेली पाच सूत्रे आजही प्रत्येक सत्र न्यायालयात उद्धृत होतात. त्यांनुसार प्रत्येक परिस्थिती आधी पूर्णपणे सिद्ध झाली पाहिजे, ती फक्त आरोपीच्या दोषाशी सुसंगत असली पाहिजे, ती निर्णायक स्वरूपाची असली पाहिजे, दोषाखेरीज इतर प्रत्येक शक्यता तिने वगळली पाहिजे, आणि शेवटी या सर्वांची साखळी अखंड असली पाहिजे.

ही विसंगती दिसते तेवढी खोल नाही. काही वस्तुस्थिती अशा असतात की त्यांच्यावाचून पुढचे अनुमानच उभे राहत नाही; विषप्रयोगाच्या आरोपात मृत्यू विषाने झाला ही अशी कडी आहे आणि ती संशयातीत सिद्ध व्हावीच लागते. आरोपीचे वर्तन, त्याची आर्थिक अडचण, त्याने नंतर दिलेली खोटी माहिती हे पेड आहेत. त्यातला एखादा कच्चा निघाला तरी दोर तुटेलच असे नाही. ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने १९९० मध्ये शेफर्ड प्रकरणात नेमका हाच फरक केला. मला वाटते, सारडा निकालाचे व्यवहारातले खरे महत्त्व त्याच्या पहिल्या सूत्रात आहे : जे स्वतःच सिद्ध झालेले नाही ते बेरजेत घेता येत नाही. दहा संशय एकत्र केले तर मोठा संशय तयार होतो, पुरावा नव्हे.

न्यायाधीश ‘आता पुरे’ म्हणून साक्षीदार नाकारू शकतात का?

अमेरिकेच्या संघीय न्यायालयांत १९७५ पासून लागू असलेल्या पुरावा नियमांतील ४०३ व्या नियमाने तसा स्पष्ट अधिकार दिला आहे : पुरावा संबद्ध असला तरी वेळेचा अपव्यय किंवा निष्कारण पुनरावृत्ती यांचा धोका त्याच्या मूल्यापेक्षा बराच मोठा असेल, तर तो वगळता येतो. भारतात इतक्या थेट शब्दांचा सर्वसाधारण नियम नाही, पण संबद्धतेवर निर्णय देण्याचा अधिकार न्यायाधीशाला आहेच. सत्र खटल्यात आरोपीने साक्षीदार बोलावण्याची मागणी केली, तर ती केवळ त्रास देण्यासाठी, विलंबासाठी किंवा न्यायाचा हेतू विफल करण्यासाठी आहे असे वाटल्यास न्यायाधीश कारणे नोंदवून ती नाकारू शकतात. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम २३३ होते, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम २५६ आहे. सरकारी पक्षालाही सगळेच प्रत्यक्षदर्शी तपासण्याची सक्ती नाही. मात्र महत्त्वाचा साक्षीदार कारणाशिवाय टाळला, तर त्यावरून प्रतिकूल अनुमान निघू शकते.

चूक होते ती ‘संचयी’ हे लेबल घाईने लावण्यात. घटनेच्या वेळी आरोपी दुसऱ्या गावी होता असे त्याची पत्नी आणि भाऊ सांगून गेले आहेत, आणि तेच सांगायला कसलेही नाते नसलेला माणूस आला आहे. विधान तेच असल्यामुळे ही पुनरावृत्ती दिसते. परंतु नातेवाइकांच्या साक्षीवर ‘हे तर घरचेच’ असा आक्षेप सरकारी पक्ष घेणारच असल्यामुळे या तिसऱ्या साक्षीचे मूल्य पहिल्या दोन्हींपेक्षा जास्त आहे. वादाचा केंद्रबिंदू असलेल्या मुद्द्यावर स्वतंत्र साक्षीदार जवळजवळ कधीच निव्वळ संचयी नसतो.

अपिलात नवा पुरावा देताना हा मुद्दा येतो का?

येतो, आणि बहुतेक अर्ज तिथेच अडतात. दिवाणी अपिलात दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ४१, नियम २७ आणि फौजदारी अपिलात जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३९१, आता नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४३२, यांखाली अतिरिक्त पुरावा घेता येतो, पण तो अपवाद म्हणून. अमेरिकेत नव्याने सापडलेल्या पुराव्यावरून फेरखटला मागताना तो निव्वळ संचयी नाही हे दाखवावे लागते.

‘संचयी त्रुटी’ म्हणजे काय?

खटल्यात झालेल्या चुका एकेकट्या घेतल्या तर निकाल बदलण्याइतक्या गंभीर नाहीत, पण त्यांचा एकत्रित परिणाम असा झाला आहे की खटला न्याय्य राहिला असे म्हणता येत नाही, अशा वेळी अपील न्यायालयाने त्या एकत्रित परिणामावरून निकाल रद्द करावा, हा संचयी त्रुटीच्या तत्त्वाचा गाभा होय.

एकेका छोट्या चुकीसाठी निकाल का रद्द होत नाही?

कारण निर्दोष खटला ही कल्पना पुस्तकात असते, न्यायालयात नसते. महिनोन्‌महिने चाललेल्या सुनावणीत एखादा अयोग्य प्रश्न विचारला जाणारच, एखादा कागद चुकीच्या रीतीने दाखल होणारच. म्हणून कायद्याने चूक आणि चुकीचा परिणाम वेगळे केले आहेत. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६५ प्रमाणे, जे नव्या संहितेत कलम ५११ आहे, त्रुटी किंवा अनियमितता यांमुळे न्याय विफल झाला असेल तरच निष्कर्ष किंवा शिक्षा उलटवता येते. पुरावा चुकीने स्वीकारला किंवा नाकारला गेला, तरी उरलेला पुरावा निकालाला पुरेसा असेल तर फेरखटला नाही, हे पुरावा अधिनियमाचे जुने कलम १६७, आता १६९. दिवाणी बाजूला दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ९९ असाच विचार करते. अमेरिकेत १९६७ च्या चॅपमन निकालानंतर, चूक घटनात्मक हक्काविरुद्ध असेल तर ती वाजवी संशयापलीकडे निरुपद्रवी होती हे सरकारी पक्षाने दाखवायचे असते. इंग्लंडमध्ये १९९५ च्या दुरुस्तीनंतर प्रश्न एकच उरला आहे : दोषसिद्धी सुरक्षित आहे का?

प्रत्येक चूक निरुपद्रवी असेल, तर शून्य अधिक शून्य शून्यच नाही का?

हा आक्षेप चलाख आहे, पण ‘निरुपद्रवी’ या शब्दाचा अर्थ तो चुकीचा लावतो. एखादी चूक निरुपद्रवी ठरवताना न्यायालय तिचा परिणाम शून्य आहे असे म्हणत नाही; तो एकट्याने निकाल फिरवण्याइतका नाही, एवढेच म्हणते. शंभर किलो पेलणाऱ्या फळीवर तीस किलोचे एक ओझे निरुपद्रवी आहे आणि तशी चार ओझी ठेवली की फळी मोडते. त्यात कोणतेही एक ओझे दोषी नाही. गणित शून्याचे होते ते वेगळ्या प्रसंगी. अपिलार्थीने मांडलेले दहा आक्षेप तपासल्यावर त्यांतल्या एकाही ठिकाणी चूक झालीच नव्हती असे आढळले, तर बेरीज करायला काही उरत नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे : चूक झाली का हे प्रत्येकीबाबत स्वतंत्रपणे ठरवायचे, आणि तिने काय बिघडवले हे सर्वांचे मिळून.

न्यायालयांनी हे तत्त्व प्रत्यक्षात कसे वापरले आहे?

१९७३ चा चेंबर्स विरुद्ध मिसिसिपी हा निकाल सर्वांत बोलका आहे. पोलिसाच्या खुनाच्या आरोपात दुसऱ्या एका माणसाने आधी लेखी कबुली दिली होती आणि नंतर ती मागे घेतली होती. शिवाय त्याने आपल्या तीन मित्रांकडे वेगवेगळ्या वेळी गुन्हा कबूल केला होता. बचाव पक्षाने त्याला साक्षीला बोलावले, तर आपणच बोलावलेल्या साक्षीदाराची उलटतपासणी घेता येत नाही या स्थानिक नियमाने हात बांधले. मित्रांना बोलावले, तर दुसऱ्याकडून ऐकलेले सांगणारा ऐकीव पुरावा सहसा चालत नाही या नियमाने दार बंद केले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की पहिली चूक एकट्याने निकाल उलटवण्यास पुरेशी आहे का हे ठरवण्याची गरज नाही, कारण आरोपीची तक्रार दोन्हींच्या एकत्रित परिणामाची आहे. मला हा निकाल आवडतो तो यासाठी की यात दोन चुका नुसत्या शेजारी उभ्या नाहीत, त्या एकमेकींत अडकल्या आहेत. एक दार बंद झाले तरी दुसरे उघडे असते, तर खटला वाचला असता.

१९७८ च्या टेलर विरुद्ध केंटकी या दरोड्याच्या खटल्यात आरोपी निर्दोष मानला जातो ही सूचना ज्यूरीला देण्यास न्यायाधीशांनी नकार दिला, आरोपपत्र म्हणजे पुरावा नव्हे हेही सांगितले नाही, आणि सरकारी वकिलाने समारोपात आरोपीला आजवर तिथे दोषी ठरलेल्या सगळ्यांच्या रांगेत बसवले. एकत्रित परिणामाने खटला अन्याय्य झाला, असा निर्णय झाला. १९९५ च्या काइल्स विरुद्ध व्हिटली निकालात प्रश्न दडवलेल्या पुराव्याचा होता. प्रत्यक्षदर्शींची विसंगत कथने, खबऱ्याची बदलती विधाने आणि घटनास्थळी उभ्या असलेल्या मोटारींची यादी, जिच्यात आरोपीच्या मोटारीचा क्रमांक नव्हता, हे सारे बचाव पक्षापर्यंत पोचलेच नव्हते. दडवलेल्या पुराव्याचे महत्त्व एकेका नगावर न ठरवता एकत्रित ठरवावे, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

भारतात हे तत्त्व मान्य आहे का?

या नावाने स्वतंत्र सिद्धान्त म्हणून ते फारसे दिसत नाही. काम मात्र ‘न्याय विफल होणे’ आणि ‘संशयाचा फायदा’ या दोन परिचित मार्गांनी होते. प्रथम खबर उशिरा नोंदवली, जप्त मुद्देमालावर सील नव्हते, ओळखपरेडला विलंब झाला, आणि आरोपीच्या जबाबात त्याच्याविरुद्धची एक मुख्य परिस्थिती त्याच्यापुढे ठेवलीच नाही, अशा चार गोष्टी एका प्रकरणात आल्या, तर न्यायालय त्यांची यादी करते आणि ‘या सर्वांचा एकत्रित विचार करता’ असे म्हणून आरोपीला सोडते. उलट बाजूही ध्यानात ठेवावी : तपास सदोष होता एवढ्यावरच आरोपीला सोडता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे.

बेरजेची दोन मोठी उदाहरणे आपल्याकडे आहेत. पत्नीच्या प्रियकराच्या खुनाचा आरोप असलेल्या नौदल अधिकाऱ्याच्या नानावटी खटल्यात १९५९ मध्ये ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी आरोपीला निर्दोष ठरवले. सत्र न्यायाधीशांना तो कौल मान्य नसल्याने प्रकरण उच्च न्यायालयाकडे गेले, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये जन्मठेप कायम ठेवताना ज्यूरीला दिलेल्या मार्गदर्शनातील अनेक दोष दाखवले. त्यांत सिद्धिभार (कोणती गोष्ट कुणी सिद्ध करायची) आणि अचानक प्रक्षोभ यांविषयीचे अपुरे विवेचनही होते. लक्षात घेण्यासारखे हे की तिथे चुकांनी आरोपीला लाभ झाला होता. दुसरे २००२ च्या गुजरात दंगलीतील हत्याकांडाचे बेस्ट बेकरी प्रकरण. फितूर झालेले साक्षीदार, सदोष तपास, सरकारी वकिलाचे वर्तन, साक्षीदारांना पुन्हा बोलावण्याचे अधिकार न वापरणारे न्यायालय आणि अतिरिक्त पुरावा नाकारणारे अपील, हे सारे चित्र पाहून सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये फेरखटल्याचा आणि तो महाराष्ट्रात चालवण्याचा आदेश दिला.

बेरीज न करताही निकाल रद्द होतो अशा चुका कोणत्या?

वकीलच न मिळणे, किंवा निकालात स्वतःचा हितसंबंध असलेला न्यायाधीश. अशा चुका खटल्याच्या पायालाच लागलेल्या असतात. परिणाम मोजण्याचा प्रश्न तिथे येत नाही.

या तत्त्वावर तुमचा मुख्य आक्षेप कोणता?

तत्त्वावर नाही, त्याच्या एकतर्फी वापरावर आहे. अनेक अपील निकालांत एक रचना पुन्हा पुन्हा दिसते. दोषाचा पुरावा तपासताना न्यायालय सांगते की तो तुकड्यातुकड्याने पाहू नये, समग्र चित्र पाहावे. काही पानांनंतर आरोपीचे आक्षेप येतात, आणि तिथे मात्र प्रत्येक आक्षेपाला स्वतंत्र परिच्छेद मिळतो. प्रत्येकाच्या शेवटी ‘केवळ या कारणाने दोषसिद्धी दूषित होत नाही’ हे वाक्य असते. सातव्या परिच्छेदापर्यंत ‘केवळ’ हा शब्द सात वेळा आलेला असतो आणि ती सात ‘केवळ’ एकत्र केल्यास काय होते हे कुणी पाहिलेले नसते. पुरावा दोर असेल, तर चुका म्हणजे त्या दोराच्या वेगवेगळ्या पेडांना लागलेले काप आहेत, आणि दोर किती भार पेलेल हे सगळे काप एकदम पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. पुराव्याला लावलेली स्वतंत्रतेची कसोटी अर्थातच चुकांनाही लावावी : एकाच अयोग्य कागदाचा पाच साक्षीदारांनी उल्लेख केला म्हणून पाच चुका होत नाहीत.

खटल्याच्या वेळी हरकत घेतली नव्हती, तर अपिलात हा मुद्दा मांडता येतो का?

मांडता येतो, पण दुबळा होऊन. न्याय विफल झाला का हे ठरवताना हरकत आधी घेता आली असती का आणि घ्यायला हवी होती का, हे पाहावे असे जुन्या कलम ४६५ च्या, आता ५११ च्या, दुसऱ्या पोटकलमातच आहे. म्हणून सुनावणीच्या वेळी हरकत क्षुल्लक वाटली तरी ती नोंदवून घ्यावी. अपिलाच्या अर्जात चुका तारखेच्या क्रमाने मांडण्यापेक्षा त्या ज्या वस्तुस्थितीला भिडतात तिच्याखाली एकत्र आणाव्यात. ओळखीच्या पुराव्याला लागलेल्या तीन चुका एका शीर्षकाखाली आल्या की त्या पुराव्यात काय शिल्लक राहते, या प्रश्नाला न्यायालयाला उत्तर द्यावेच लागते. त्याच तीन चुका पंचवीस मुद्द्यांच्या यादीत चौथ्या, अकराव्या आणि एकोणिसाव्या क्रमांकावर विखुरल्या, तर प्रत्येकीच्या वाट्याला एकेक ‘केवळ’ येते.